डावातून उठायचं कधी?

पोळा आला, गणपती बसले, की जळकोट-उदगीर भागातल्या आणि शेजारच्या मुखेड-कंधारकडच्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर एक ठरलेली बातमी दिसू लागते. शेतात झाडाखाली तिर्रट खेळणारे पकडले; इतकी रोकड, इतके मोबाइल, इतक्या मोटारसायकली जप्त. दिवाळीच्या सुमाराला सोयाबीनचे पैसे हातात आले की पुन्हा तेच. बातमीत आकडा असतो तो जप्तीचा. पोलीस येण्याआधी कोण किती हरला होता आणि हरत असताना तो उठून घरी का गेला नाही, हे काही छापून येत नाही. खरी गोम तिथंच आहे.

रोख पैशांच्या पत्त्यांना शेवट नसतो. कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो, क्रिकेटमध्ये षटकं संपतात. पोकरमध्येसुद्धा टूर्नामेंट नावाचा प्रकार असतो, त्यात एकदा फी भरली की समोरच्या चिप्स संपेपर्यंत किंवा सगळ्यांच्या जिंकेपर्यंत खेळावं लागतं. मधेच उठून चिप्सचे पैसे मागता येत नाहीत. कॅश गेमचं तसं नाही. तिथं शंभराची चिप म्हणजे शंभर रुपयेच. कोणत्याही डावानंतर उठा, खिडकीवर चिप्स द्या, पैसे घ्या, चालू लागा. गावाकडच्या सतरंजीवर तर चिप्सही नाहीत, सरळ नोटा. म्हणजे खेळ कधी संपवायचा हा निर्णय पूर्णपणे खेळणाऱ्याचा. पत्ते कसे खेळायचे हे शिकवणारे पुष्कळ भेटतात, पण या निर्णयाचा हिशेब कुणी मांडून दाखवत नाही. तो इथं मांडतो.

आधी सतरंजीचा हिशेब. तिर्रट म्हणजे तीन पत्त्यांचा खेळ. प्रत्येकानं बूट, म्हणजे सुरुवातीची ठरलेली रक्कम, टाकायचा, तीन पत्ते घ्यायचे, मग बंद खेळायचं किंवा पत्ते उघडून दुप्पट चाल द्यायची. ५२ पानांतून तीन पत्त्यांचे २२,१०० संच होतात आणि त्यातल्या साधारण पाऊण संचांत जोडीसुद्धा नसते. त्यामुळं खेळणाऱ्याची अक्कल चालायला जागा थोडी. नशीब आणि हिंमत यांवरच बराचसा खेळ. आता जागा देणारा, पत्ते पुरवणारा, चहापाणी बघणारा जो असतो, तो प्रत्येक डावातून नाल, म्हणजे स्वतःचा वाटा, काढतो. समजा पाच जण हजार-हजार रुपये घेऊन बसले. डावामागं २० रुपये नाल, तासाला २० डाव. तासाला ४०० रुपये सतरंजीवरून कायमचे गेले. तीन तासांत पाच हजारांतले १,२०० गेले, उरले ३,८००. असंच चालू राहिलं तर साडेबारा तासांत पाचही जणांचे सगळे पैसे नालवाल्याकडं, आणि एकही जण जिंकलेला नाही. मधल्या काळात एखाद्याकडं तीन हजार जमलेले दिसतील, तो खुशीत येईल, विडी पेटवेल. पण एकूण पाण्याची पातळी खाली चालली आहे हे त्याला दिसत नाही. अशा खेळात बरोबरीच्या माणसांपैकी प्रत्येकाला तासाला सरासरी ८० रुपयांचा तोटा ठरलेला. तेव्हा उठायची योग्य वेळ कोणती? बसण्याआधीची. हे थट्टेनं म्हणत नाही, गणितच तसं आहे.

पोकरचं गणित थोडं वेगळं पडतं, म्हणून तर हा प्रश्न तिथं जास्त रंगतो. टेक्सस होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात, पाच पत्ते सगळ्यांसाठी टेबलावर उघडतात आणि चार वेळा पैसे लावायची संधी येते. पत्ते टाकून द्यायचे की पुढं जायचं, किती लावायचे, समोरचा थाप मारतोय का, असे निर्णय पुष्कळ. त्यामुळं चांगला खेळाडू लांब पल्ल्यात वाईट खेळाडूकडून पैसे काढू शकतो. पण नाल इथंही आहे, त्याला रेक म्हणतात. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या जहाजांवर हा खेळ कायद्यानं चालतो. गोव्याचा जुगार कायदा १९७६चा, त्यात १९९६च्या दुरुस्तीनं जहाजांवरच्या कॅसिनोंना वाट मिळाली. २०२०च्या फेब्रुवारीपासून खुद्द गोव्याच्या रहिवाशांना तिथं खेळायला बंदी आहे, म्हणजे टेबलाभोवती जमणारे बहुतेक बाहेरचे. पुण्या-मुंबईत नोकरी करणारी आमच्याकडची पोरंही त्यात असतात.

रेकचाही अंदाज घेऊ. बिग ब्लाइंड, म्हणजे डाव सुरू होताना एकाला लावावीच लागणारी मोठी रक्कम, १०० रुपये धरा. डावात सरासरी दीड हजार जमतात आणि त्यातले पाच टक्के घर घेतं असं समजा. तासाला ३० डाव झाले तर २,२५० रुपये गेले. नऊ जण बसले असतील तर माणशी अडीचशे. म्हणजे तिथं नुसतं बरोबरीत राहायचं तरी बाकीच्यांपेक्षा तासाला अडीचशे रुपयांनी सरस असावं लागतं. आपण तेवढे सरस आहोत का, हे कळायला मात्र फार वेळ लागतो.

किती वेळ? समजा एक माणूस खरोखर चांगला आहे. १०० डावांत सरासरी ५ बिग ब्लाइंड जिंकतो, रेक जाऊन. पण पोकरमध्ये १०० डावांचा निकाल या सरासरीच्या दोन्ही बाजूंना ९० बिग ब्लाइंडपर्यंत सहज हेलकावतो. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या सूत्रात हे आकडे घातले तर असं निघतं: एका संध्याकाळी तीन-साडेतीन तास, म्हणजे साधारण १०० डाव, खेळून हा चांगला खेळाडू शंभरातल्या ४८ वेळा हरून घरी जातो. दहा हजार डाव खेळले, म्हणजे तीनशे तासांच्या वर बसला, तरी हरलेला असण्याची शक्यता शंभरात २९. एका रात्रीचा निकाल तुमच्या खेळाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. आणि तरीही कधी उठायचं हे माणसं त्याच निकालावर ठरवतात.

दोन सवयी तर सगळीकडं सारख्या. पहिली: ‘हजार सुटले की उठतो.’ दुसरी: ‘मुद्दल निघालं की उठतो.’ दोन्ही शहाणपणाच्या वाटतात. दोन्हींत दोष एकच आहे: त्या मागच्या डावांकडं बघून पुढच्या डावाबद्दल ठरवतात. पत्ते पिसणाऱ्याला तुमचं मुद्दल किती होतं हे ठाऊक नसतं. २०२१च्या पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलमागं दहा हजारांच्या वर गेलं होतं. तो भाव डोक्यात धरून पुढं कित्येकांनी माल घरात ठेवला आणि पाच हजारांच्या खाली विकला. अडत्याला तुमचा तो जुना भाव कळत नाही, पत्त्यांनाही तुमचा आकडा कळत नाही.

हजार सुटले की उठायचं, हा नियम तर उलटाच परिणाम करतो. न्यूयॉर्कच्या टॅक्सीवाल्यांवर १९९७ साली कॅमेरर, बॅबकॉक, लोवेन्स्टाइन आणि थेलर या चौघा अर्थशास्त्रज्ञांनी एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असं दिसलं की बरेच चालक दिवसाची एक रक्कम मनात ठरवतात. गिऱ्हाईक भरपूर असलेल्या दिवशी ती लवकर मिळते, म्हणून ते लवकर घरी जातात. मंदीच्या दिवशी तीच रक्कम गाठायला उशिरापर्यंत गाडी फिरवत राहतात. कमाईची वेळ असते तेव्हा सुट्टी आणि नसते तेव्हा मेहनत. पुढं हेन्री फार्बर यांनी वेगळे आकडे घेऊन या निष्कर्षाला आव्हान दिलं आणि वाद अजून चालू आहे. टॅक्सीवाल्यांचं खरं काय ते अर्थशास्त्रज्ञ बघून घेतील. पत्त्यांच्या टेबलावर मात्र हे चित्र कुणालाही ओळखीचं वाटेल. टेबलावर कच्चे खेळाडू बसलेत, आपलं डोकं ताजं आहे, सगळे आपल्याला बिचकून आहेत, अशा वेळी माणूस हजार रुपये खिशात घालून उठतो. आणि टेबल पक्क्या लोकांनी भरलंय, आपण हरतोय, डोळे चुरचुरताहेत, तेव्हा पहाटेपर्यंत बसतो. वर्षभराचे तास मोजले तर त्याचे लांब तास सगळे वाईट खेळात गेलेले निघतात.

मुद्दल निघेपर्यंत बसण्यामागं जो ओढा असतो, त्याचं वर्णन डॅनियल कानेमन आणि आमोस ट्वर्स्की यांनी १९७९ साली केलं. हजार मिळाल्याचा जेवढा आनंद, त्याच्या दुपटीच्या आसपास हजार गेल्याचं दुःख. म्हणून हरलेला माणूस, एरवी कधी घेणार नाही असा धोका, फक्त शून्यावर यायला घेतो. आपल्याकडं याचं सगळ्यात जुनं उदाहरण सभापर्वात आहे. धर्मराजाचं पहिलं चुकलं ते टेबल निवडताना: आव्हान दुर्योधनाचं होतं, फासे टाकणार होता शकुनी, आणि हे त्याला बसण्याआधीच कळलं होतं. पण मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. राज्य, भाऊ, स्वतः, द्रौपदी, सगळं गेल्यावर धृतराष्ट्रानं ते सगळं परत दिलं. मुद्दल पूर्ण निघालं. पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागलेही. तेवढ्यात परत बोलावणं आलं आणि धर्मराज पुन्हा बसला. एकाच डावात बारा वर्षं वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास. मुद्दल निघालं की माणूस उठतो ही समजूत किती पोकळ आहे, हे या अनुद्यूताइतकं, म्हणजे दुसऱ्यांदा मांडलेल्या द्यूताइतकं, स्पष्ट कुठं दिसत नाही.

मग ठरवायचं कशावर? प्रश्न एकच: पुढचा डाव खेळण्यात माझा फायदा आहे का? याचं उत्तर बदलवणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत.

पहिली म्हणजे टेबल. पोकरमध्ये पैसे पत्त्यांपेक्षा समोरच्याच्या चुकांतून येतात. टेबलावर एक-दोन जण हौसेनं येणारे, प्रत्येक डावात शिरणारे असतात; सगळ्यांचा फायदा त्यांच्यामुळं. असा माणूस उठला आणि त्याच्या जागी गप्प बसून पत्ते टाकत राहणारा येऊन बसला, तर दहा मिनिटांपूर्वीचा खेळ आणि आत्ताचा खेळ एक नाही. तुमच्या समोरच्या चिप्स तेवढ्याच आहेत, टेबलाची किंमत मात्र गेली. जाणते खेळाडू म्हणूनच आपल्या चिप्स मोजण्यापेक्षा खुर्च्यांकडं जास्त बघतात. अर्धा तास निरखून टेबलावर आपल्यापेक्षा कच्चा कोण ते सांगता आलं नाही, तर उत्तर सरळ आहे.

याच्याच पोटात एक बारीक मुद्दा येतो. तुम्ही शंभर बिग ब्लाइंड घेऊन बसलात आणि जिंकत जिंकत तीनशेवर गेलात. छान. पण तुमच्या डावीकडं बसलेल्याकडंही तीनशे आहेत, तो तुमच्यापेक्षा पक्का आहे, आणि डावीकडं असल्यानं बहुतेक डावांत तो तुमच्यानंतर बोलतो, म्हणजे तुमची चाल बघून त्याची ठरवतो. आता एका डावात तीनशेच्या तीनशे जाऊ शकतात. हजार सुटले म्हणून उठणं आणि या कारणानं उठणं बाहेरून अगदी सारखं दिसतं, पण हे दुसरं बरोबर आहे. फार तर जागा बदलून बघावी; नाहीच जमली तर निघावं.

दुसरी गोष्ट आपण स्वतः. इथं बहुतेकजण स्वतःला सवलत देतात. ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये दाखवलं की सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखा वागू लागतो आणि २४ तासांनी हे प्रमाण ०.१च्या जवळ जातं. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला या पायरीवर आलेला असतो, एक थेंब न पिता. मांडवीतल्या जहाजांवर प्रवेशाच्या पैशातच जेवण आणि पेयं असतात, ती कुणी धर्मादाय म्हणून ठेवलेली नाहीत. थकव्याची खूण अशी: पहिल्या तासात जे पत्ते विचार न करता टाकले असते, तेच पत्ते आता ‘बघू तरी’ म्हणून धरले जातात. दुसरी खूण राग. एका ठरावीक माणसाकडूनच पैसे परत घ्यायचेत असं वाटू लागलं, नशिबाला शिव्या तोंडात आल्या, हरलेल्या रकमेच्या खताच्या किती पिशव्या झाल्या असत्या याचा हिशेब मनात सुरू झाला, की डोकं खेळावर नाही. पोकरवाले याला टिल्ट म्हणतात. टिल्टवर असताना चांगला खेळाडू वाईट खेळाडू होतो, आणि मग वर मांडलेलं ५ बिग ब्लाइंडचं गणित उलटं फिरतं.

तिसरी गोष्ट पैसा. इथं एक विसंगती आहे, ती नीट समजून घ्यावी लागते. दोन हजार गेले की उठायचं, अशी मर्यादा ठरवल्यानं गणिताच्या दृष्टीनं काहीही बदलत नाही. अमेरिकी गणिती जोसेफ डूब यांच्या नावानं ओळखलं जाणारं एक प्रमेय आहे: निःपक्ष खेळात, हातातला पैसा मर्यादित असताना, थांबण्याचा कोणताही नियम तुमचा सरासरी फायदा वाढवू शकत नाही. तोट्याच्या खेळात तर नाहीच. मग मर्यादा कशाला? दोन कारणांसाठी, आणि दोन्ही पत्त्यांच्या बाहेरची आहेत. एक, उठायचा निर्णय ज्या डोक्यानं घ्यायचा तेच डोकं हरताना बिघडतं. म्हणून निर्णय ते शाबूत असताना, घरून निघतानाच घेऊन ठेवावा लागतो. दोन, घरचा पैसा. बियाण्याचे, फीचे, दवाखान्याचे पैसे पुढच्या डावात फायदा असला तरी टेबलावर येता कामा नयेत, कारण चांगला खेळाडूही शंभरातल्या ४८ संध्याकाळी हरतो. म्हणून ठरलेली रक्कम रोख न्यायची, एटीएम कार्ड आणि फोन-पेचा मोबाइल दुसऱ्याकडं ठेवायचा, आणि बसलेल्यांपैकी कुणाकडून उसने घ्यायचे नाहीत. उसन्या पैशावर खेळणाऱ्याचं उठणं दुसऱ्याच्या हातात जातं.

निघण्याची वेळही आधी ठरवावी. रकमेपेक्षा वेळ जास्त उपयोगी पडते, कारण घड्याळाशी हुज्जत घालता येत नाही.

ठरवणं एकवेळ सोपं, ओळखीच्या माणसांतून प्रत्यक्ष उठणं अवघड. कॅसिनोत चिप्स उचलून गेलात तर फार तर एखादा नाक मुरडेल. एवढंच, की थोड्या वेळात परत आलात तर जेवढे घेऊन उठला होता तेवढेच घेऊन बसा असा बऱ्याच ठिकाणी नियम असतो. सतरंजीवर मात्र जिंकणारा उठला की, ‘काय दाजी, जिंकलं की घर आठवलं व्हय?’ आणि हरणारा उठला की, ‘बस की लेका, आत्ता तर पत्ते तुझ्याकडं वळायलेत.’ दोन्ही वाक्यांचा हेतू एक: पैसे सतरंजीवर राहावेत. यावर उपाय म्हणजे बसतानाच सांगून टाकणं. ‘मला साडेआठला निघायचंय, आईला दवाखान्यात न्यायचंय,’ असं आधी बोललं की साडेआठला उठणं ठरल्याप्रमाणं होतं आणि जिंकलेल्याला कुणी पळपुटा म्हणत नाही. वेळ होत आली की ‘हा फेरा शेवटचा’ म्हणायचं आणि खरंच शेवटचा खेळायचा. मोठा डाव जिंकल्या क्षणी उठू नये. नातं बिघडतं आणि पुढच्या वेळी त्याचीच आठवण काढली जाते. नुसता मित्रांचा, नाल नसलेला खेळ असेल तर एवढं पुरतं.

आता कायद्याचं, कारण आमच्या भागात त्याच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. महाराष्ट्रात लागू असलेला जुगार प्रतिबंधक कायदा १८८७चा. अड्डा चालवणं, अड्ड्यात सापडणं आणि सार्वजनिक जागी जुगार खेळणं, हे तिन्ही त्यात गुन्हे आहेत. बातम्यांत ‘कलम ४ व ५’ आणि ‘कलम १२ (अ)’ म्हणून दिसतात ते हेच. कौशल्याच्या खेळांना त्यात सूट आहे. कौशल्य कशाला म्हणायचं यावरचा गाजलेला निकाल आपल्या जुन्या हैदराबादच्याच मुलखातला. सिकंदराबादच्या एका क्लबमधल्या रमीवरून हैदराबादच्या जुगार कायद्याखाली खटला झाला, आणि १९६७च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं रमीत कौशल्याचा भाग मुख्य असल्याचं म्हटलं. त्याच निकालात तीन पत्त्यांचा खेळ मात्र नशिबाचा म्हणून बाजूला काढला आहे, आणि क्लब रमीतून नफा किंवा वाटा काढत असेल तर गुन्हा होऊ शकतो असंही बजावलं आहे. म्हणजे तिर्रट सुटत नाही, आणि नाल काढली तर रमीही अडचणीत येते. पोकरबद्दल न्यायालयांचं एकमत नाही: कर्नाटकच्या उच्च न्यायालयानं २०१३ साली एक बाजू घेतली, गुजरातच्या उच्च न्यायालयानं २०१७ साली दुसरी. महाराष्ट्रात कॅसिनोंसाठी १९७६ साली केलेला कायदा कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय झाला. मोबाइलवरची पैशांची रमी, पोकर, तीन पत्ती, कौशल्य असो वा नशीब, या सगळ्यावर संसदेनं २०२५च्या ऑगस्टमध्ये बंदीचा कायदा केला. २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. त्यानंतरही कुणी ‘ॲप चालू आहे, लिंक पाठवतो’ म्हणत असेल, तर तिथं उठायच्या वेळेचा विचारच करू नका. त्या टेबलावर चिप्सचे पैसे परत देणारी खिडकी असेलच याची हमी कुणी देत नाही.

हे सगळं गणित ज्याला उठता येतं त्याच्यासाठी आहे. घरात असा कुणी असेल ज्याला वेळ ठरवूनही उठता येत नाही, जो उसने घेऊन परत बसतो, खोटं बोलून जातो, त्याला टक्केवारी समजावून उपयोग नाही आणि चारचौघांत अपमान करून तर मुळीच नाही. त्याच्या हातातले घरचे व्यवहार काढून घ्या, उधारी देणाऱ्यांना स्पष्ट सांगा, आणि सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन लावा. फोनला पैसे पडत नाहीत, तो चोवीस तास चालू असतो आणि पलीकडून मराठीत बोलतात.